बेट घ्यायचं म्हणजे उतार घ्यायचे

नेसरीच्या खिंडीत उभं राहिलं की एकच तारीख आठवते, 24 फेब्रुवारी 1674. सरनोबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण इथेच कामी आले. उमराणीला हाती आलेल्या खानाला प्रतापरावांनी सोडून दिलं, त्यावरून महाराजांनी दिलेला बोल त्यांच्या जिव्हारी लागला होता. हे आपल्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक आहे.

मी मात्र खिंडीत गेलो की समोरच्या फौजेचाही विचार करत राहतो. बहलोलखान विजापूरच्या आदिलशहाचा सरदार आणि आदिलशाहीचं बळ घोडदळात. चांगला लढाऊ घोडा दख्खनच्या हवेत नीट निपजत नाही. तो अरबस्तानातून, इराणच्या किनाऱ्यावरून गलबतात घालून आणावा लागे. तो जिथे उतरे ते मोठं बंदर नेसरीपासून फार लांब नाही. चंदगडची बाजू धरून घाट उतरला की खाली गोवा. हे बंदर, आणि ज्या बेटावर ते वसलं होतं ते अख्खं बेट, आदिलशाहीनं प्रतापरावांच्या 164 वर्षं आधी, 1510 साली गमावलं. समुद्रापलीकडून आलेल्या एका साम्राज्यानं ते एकाच वर्षात दोनदा जिंकलं आणि मधे एकदा घालवलं. बेट कसं जिंकलं जातं, कसं हातचं जातं आणि कसं राखलं जातं, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण आपल्या मुलखाजवळ मला तरी सापडलेलं नाही.

आधी बेट डोळ्यांसमोर आणू. आज पणजीला जाणाऱ्या माणसाला आपण बेटावर आलो हे कळतच नाही, कारण पूल झाले. पण तिसवाडी हे खरोखरचं बेट आहे. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी, सुमारे 15 किलोमीटर लांबीची. तीस गावांच्या वसाहतीवरून तिसवाडी हे नाव पडलं असं सांगतात. दिवाडी, चोडण, जुवे ही लहान बेटं मांडवीच्या पात्रात त्याला लागूनच.

समुद्राकडून आणि मोठ्या नद्यांकडून येणाऱ्याला जहाज लागतं. पूर्वेची खाडी मात्र अरुंद. ओहोटीला तिचं पाणी काही ठिकाणी इतकं उतरे की माणूस, घोडा, बैल पलीकडे जाऊ शके. या जागा म्हणजे उतार. बाणस्तारी, गवंडाळी ही त्यांतली नावं गोव्याच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतात. उतारावर चौकी बसे आणि तिथेच जकात. बेटाच्या धन्याला दिवसा तिथे पैसा मिळे, आणि रात्री झोप लागत नसे तीही तिथल्याच काळजीनं. खाडीत मगरीही आहेत. आजही आहेत, आणि काठच्या काही गावांत पौषात चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, तिला मांगे थापणी म्हणतात. खाऱ्या पाण्याला बांध घालून पिकवलेली खाजनं, त्यांची पाणी आत-बाहेर सोडणारी मानसं आणि चिखलात पसरलेली मगर, असा तो काठ आहे. घोडदळाला याहून वाईट जमीन नाही.

आता या बेटाचा धनी कोण होता ते पाहू. गोवा 1472 साली महमूद गवाननं विजयनगरकडून बहमनी राज्यात आणला. बहमनी राज्य फुटलं आणि तो विजापूरच्या युसुफ आदिलखानाकडे गेला. पणजीला नदीकाठी त्यानं वाडा बांधला, त्याच जागी पुढे पोर्तुगिजांचं सचिवालय झालं. शहर मात्र आत, मांडवीच्या काठी एला इथे होतं. त्याला आपण आज जुनं गोवं म्हणतो. आधीचं कदंबकालीन बंदर झुआरीच्या बाजूला होतं. तिथे गाळ साचत गेला आणि व्यापार मांडवीवर सरकला. एलाला गोदी होती, जकातनाका होता आणि पागा होत्या.

बेट मोलाचं होतं ते या घोड्यांमुळे. विजयनगरला घोडे हवेत, विजापूरला हवेत आणि दोघांचं एकमेकांशी वैर. ज्याच्या हाती बंदर, तो एकाला घोडे देऊ शके आणि दुसऱ्याचे तोडू शके. पुढे पोर्तुगिजांनी हेच केलं. घोड्यांची गलबतं गोव्यातच लागली पाहिजेत असा दंडक घातला आणि दर घोड्यामागे सुमारे 40 पर्दाव जकात बसवली. पर्दाव हे नाणं. त्याच्या नावाचं मूळ आपल्या ‘प्रताप’ या शब्दात आहे असं अभ्यासक सांगतात. नेसरीच्या माणसाला हे वाचून क्षणभर थांबावंसं वाटतंच.

पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्क 1510 च्या सुरुवातीला कोचीहून निघाला तो काही गोवा घ्यायला नाही, तो तांबड्या समुद्राकडे निघाला होता. वाटेत होनावरच्या बाजूला त्याला तिमोजा भेटला. हा विजयनगरशी संबंध असलेला दर्यावर्दी सरदार, आणि विजापूरचा वैरी. त्याच्याकडे पक्की खबर होती. आधल्या वर्षी दीवच्या लढाईत पोर्तुगिजांनी मोडलेल्या तुर्कांपैकी काही गोव्यात जमलेत, नवी जहाजं बांधतायत. शहरातला हिंदू रयतवर्ग जादा साऱ्यानं वैतागलाय. शिबंदी थोडी आहे आणि विजापूरचं लक्ष दुसरीकडे आहे.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्यावी. परक्या साम्राज्याकडे तोफा होत्या, जहाजं होती, पण नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा कुठे आहे, भरती कधी चढते, कुठलं गाव कुणावर नाराज आहे, हे त्याला माहीत नव्हतं. ते तिमोजानं पुरवलं. त्याला स्वतःला गोव्याची सत्ता हवी होती. हाती आला तो महसुलाचा मक्ता. बाहेरच्याला आणून आपला हिशेब चुकता करू पाहणाऱ्या स्थानिक सरदारांची ही गत आपल्या इतिहासात काही एकट्या तिमोजाची नाही.

फेब्रुवारीत जहाजं मांडवीत शिरली. पणजीच्या कोटावर थोडी झटापट झाली, आणि पुढे शहरानं लढाईच दिली नाही. आल्बुकेर्कनं अभय दिलं, सारा कमी करण्याचं वचन दिलं आणि तो मिरवत आत गेला. इतकं सोपं झालं, कारण महिना योग्य होता. समुद्र शांत, नदीचं मुख उघडं आणि विजापूरची फौज दूर. त्यानं तिथे नाणीही पाडली. आपण राहायला आलो आहोत हे सांगण्याची ती रीत.

दोन-अडीच महिन्यांत सगळं उलटलं. मे महिन्यात विजापूरची मोठी फौज घाट उतरून खाडीच्या पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली. पोर्तुगीज बखरकार तिचा आकडा फार मोठा देतात. तो फुगवलेला मानला तरी बेटावरच्या मूठभर लोकांपेक्षा ती कितीतरी जास्त होती. आल्बुकेर्कनं प्रत्येक उतारावर माणसं ठेवली, खाडीत तोफांच्या होड्या फिरत्या ठेवल्या. दिवसा हा बंदोबस्त पुरेसा होता.

पण उतार चार-पाच होते आणि माणसं तेवढीच. वळवाच्या पावसाची एक काळीकुट्ट रात्र आली. पाऊस असा की दहा हातांवरचं दिसेना आणि होडीच्या वल्ह्याचा आवाज ऐकू येईना. तराफे करून विजापूरचे लोक एकदम अनेक ठिकाणी पाण्यात उतरले. एका उताराची बातमी दुसऱ्यावर पोचेपर्यंत दोन्हीकडे माणसं काठाला लागली होती. एकदा ती बेटावर आली, की बेटाचं बेटपण संपतं. मग ती साधी जमिनीवरची लढाई होते, आणि तिच्यात संख्या मोजली जाते. पोर्तुगीज मागे सरकत कोटात गेले, कोटातून रात्री जहाजांवर. जाताना कोठारं जाळली, कैद्यांची कत्तल केली.

त्यांना वाटलं होतं, जहाजावर चढलो की सुटलो. पण तोवर जूनचं तोंड आलं होतं. मांडवीच्या मुखाशी, आज जिथे आग्वादचा किल्ला आहे त्याच्या पुढ्यात, वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा लाटांना त्यावर आपटतो आणि मुख बंद होतं. आपले कोळी त्या दिवसांत होड्या वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतात ती काही हौस म्हणून नव्हे. आल्बुकेर्कचा ताफा नदीत अडकला. पुढे फुटणारा समुद्र, मागे आदिलशाही शहर आणि एका काठावर पणजीचा कोट, त्यावरून तोफा चालू.

अडीच महिने ते तसे होते. अन्न संपलं, उंदीर आणि पेट्यांचं चामडं शिजवून खाल्लं. पावसाचं पाणी शिडात धरून प्यायले, कारण नदी खारी आणि काठावर उतरावं तर गोळी. एका रात्री उतरून त्यांनी पणजीच्या कोटावर छापा घातला, तो तोफांसाठी आणि धान्यासाठीही. अशाच एका चकमकीत आल्बुकेर्कचा पुतण्या आंतोनियो द नोरोन्या गेला. बखरीत एक प्रसंग आहे. विजापूरकडून भुकेल्या शत्रूला शिधा धाडण्यात आला. आल्बुकेर्कनं उरलीसुरली बिस्किटं आणि दारूचं पिंप डेकवर मांडून दूताला दाखवलं आणि शिधा परत पाठवला. पोटात काही नसताना भरलेलं कोठार दाखवणं, हे किल्ल्यातल्या वेढ्यातही चालतं, आपल्या गडांच्या कथांत ते पुष्कळ आहे. इथे ते नदीत तरंगणाऱ्या वेढ्यात घडलं.

ऑगस्टमध्ये मुख उघडलं आणि ताफा निसटला.

आता पुढचं पाहा. तोच माणूस, तेच बेट. बदलला तो महिना. या मधल्या काळात युसुफ आदिलखानाचा मृत्यू झाला, गादीवर अल्पवयीन इस्माईल आला आणि दरबाराचं लक्ष गादीच्या राजकारणात गुंतलं. पाऊस संपताच घाटाखालची मुख्य फौज परत वर गेली. आल्बुकेर्कनं कन्नूर-कोचीत जहाजं जमवली, मलाक्काला निघालेला दुसऱ्या एका कप्तानाचा ताफाही अडवून घेतला. नोव्हेंबरात तो मांडवीत परतला तेव्हा त्याच्याजवळ तीसेक जहाजं, दीड हजारांवर पोर्तुगीज आणि शेकडो मलबारी होते.

25 नोव्हेंबर 1510, संत कॅथरीनचा दिवस. पहाटे एलाच्या धक्क्यावर दोन्ही टोकांकडून एकाच वेळी माणसं उतरली. काठावर लाकडी मेढेकोट होता, त्यामागे कोटाचा दरवाजा. मेढेकोटातून मागे हटणारे आदिलशाही लोक दरवाज्यातून आत पळत होते आणि आतून कवाडं ओढली जात होती. त्या फटीत एका पोर्तुगिजानं भाला घातला. कवाड मिटेना. गर्दी आत आणि शत्रूही तिच्याबरोबर आत. काही तासांत शहर पडलं. तिमोजाचे लोक उशिरा पोचले.

त्यानंतरचे तीन-चार दिवस सांगायचेच आहेत. आल्बुकेर्कनं 22 डिसेंबर 1510 ला आपल्या राजाला, मानुएलला पत्र लिहिलं. त्यात तो स्वतःच सांगतो की शहरातल्या मुसलमानांपैकी कुणालाही जिवंत सोडलं नाही, सुमारे 6000 माणसं मारली, मशिदींत भरून पेटवून दिली. बायका आणि मुलंही त्यांत होती. हिंदू शेतकऱ्यांना आणि ब्राह्मणांना हात लावायचा नाही असा हुकूम होता, कारण शेत पिकवायला आणि सारा द्यायला कुणीतरी हवं होतं. मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवलं नाही. वसूल झालेल्या रकमेसारखा त्यात तो आकडा मांडलाय. जुन्या गोव्यात त्या विजयाच्या स्मरणार्थ कॅथरीनचं छोटं देऊळ आहे, भोवती हिरवळ. प्रवासी तिथे फोटो काढतात. त्या सहा हजारांचं तिथे काही नाही.

बेट घेतलं, पण ते राखणं वेगळं. आल्बुकेर्क 1511 मध्ये मलाक्का घ्यायला गेला, तेवढ्यात विजापूरच्या लोकांनी बाणस्तारीचा उतार ओलांडून तिथे पक्का कोट उभारला. रसूलखान त्याचा किल्लेदार. म्हणजे शहर पोर्तुगिजांचं आणि बेटाचा दरवाजा विजापूरचा! 1512 च्या शेवटी आल्बुकेर्कनं तो कोट खाडीतून आणि जमिनीवरून दोन्हीकडून घेरून घेतला. तहात विजापूरकडे गेलेले पोर्तुगीज फितूर ताब्यात मिळाले. त्यांचे नाक, कान, उजवा हात कापले. त्यांतला एक, फेर्नांव लोपिश, पुढे परत जाताना अटलांटिकमधल्या निर्जन सेंट हेलेना बेटावर एकटा उतरून राहिला. ज्याला एका बेटानं तोडलं त्यानं दुसऱ्या बेटात तोंड लपवलं.

यानंतर उतारांवर कायमचे कोट आणि पहारे आले. आपल्या शिपायांची स्थानिक स्त्रियांशी लग्नं लावून त्यांना जमिनी दिल्या, म्हणजे परत जाणारे लोक घरवाले झाले. गावकारांची जुनी व्यवस्था मोडली नाही. 1526 मध्ये आफोन्सो मेशिया यानं गावांचे रिवाज सनदेत लिहून काढले, तेही सारा नीट यावा म्हणून. देवळांवरचा घाला 1540 च्या सुमारास आला. दिवाडीवरचा सप्तकोटेश्वर तेव्हा नदीपलीकडे, डिचोलीतल्या नार्व्याला गेला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे त्याचं देऊळ नव्यानं बांधवलं. बेटावरच्या माणसांनी आपला देव वाचवला तोही पाणी ओलांडूनच.

याच आल्बुकेर्कनं 1515 मध्ये इराणी आखातातलं होर्मूझ घेतलं. तेही बेट, तेही मुसलमान राजाचं. गोड पाण्याचा थेंब नाही, गवताची काडी नाही, पण व्यापार अफाट. तिथे त्यानं राजाला गादीवर ठेवलं, किल्ल्यात आपली शिबंदी बसवली आणि खंडणी घेतली. गोव्यात असं करता आलं नाही, कारण गोव्याचा धनी बेटावर नव्हताच, तो घाटावर विजापुरात होता. राजा बेटावर असेल तर त्याला वाकवता येतं. राजा दूर असेल तर बेटच त्याच्यापासून तोडून घ्यावं लागतं. होर्मूझ 1622 मध्ये गेलं, गोवा राहिला.

वाचकांच्या मनात जंजिरा आला असेल. तिथे सिद्दी बेटावरच राहत होता, आत गोड्या पाण्याची तळी होती आणि मुख्य म्हणजे उतार नव्हता. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगड टाकून समुद्र बुजवायला घेतला होता. जो उतार निसर्गानं दिला नाही, तो हातानं तयार करण्याचा तो प्रयत्न. कोकणात मोगल उतरले म्हणून तो अर्धाच राहिला. जंजिऱ्याचं संस्थान 1948 पर्यंत टिकलं.

जंजिऱ्याच्या त्या मोहिमेनंतर पुढच्याच वर्षी संभाजी महाराज गोव्यावर आले. 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री, ओहोटी पाहून, मराठे जुव्याच्या बेटावर उतरले आणि तिथला कोट घेतला. जुन्या गोव्याच्या घंटा वाजू लागल्या. व्हाइसरॉय काउंट आल्वोर स्वतः फौज घेऊन सकाळी पलीकडे गेला आणि मार खाऊन मागे फिरला. तोवर भरती चढली होती. खाजनाच्या चिखलात आणि चढत्या पाण्यात त्याची कितीतरी माणसं गेली, तो स्वतः जखमी होऊन कसाबसा परतला. शहर इतकं घाबरलं की आल्वोरनं संत झेवियरच्या शवपेटीत आपला अधिकारदंड ठेवून शहर संताच्या हवाली केलं. पण मधली खाडी तेवढी उरली होती. शाहआलमची मोगल फौज घाट उतरत असल्याची खबर आली आणि महाराजांना वळावं लागलं. त्या मोगल फौजेचं पुढे कोकणात उपासमारीनं आणि रोगानं काय झालं, ती वेगळीच कहाणी आहे.

बेटाचं पाणी शेवटचं ओलांडलं गेलं ते डिसेंबरात. भारतीय सेनेची एक तुकडी 18 डिसेंबर 1961 च्या संध्याकाळी बेतीला पोचली. समोर मांडवी, पलीकडे पणजीचे दिवे. तुकडी त्या रात्री काठावरच थांबली. दुसरी बाणस्तारीच्या बाजूनं येत होती. 19 तारखेच्या सकाळी होड्या पाण्यात गेल्या, आणि पणजीच्या काठाला लागेपर्यंत त्यांच्यावर एकही गोळी आली नाही.